तोंड देवाकडं, पाठ दाराकडं

लोक तोंडाला काळं फासतात. माझ्या नखाला फासलं. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या. पेणच्या एका शेठच्या पडवीत, भर दुपारी, घरच्यादारच्या सगळ्या माणसांसमोर. मी तेव्हा सहावीत होते.

भगतानं एरंडेलात काजळ खलून आणलं होतं. आणखी काय कालवलं होतं ते त्याचं त्याला माहीत. त्यानं नखावर जाड थर दिला आणि तेच बोट माझ्या डोळ्यांतून फिरवलं. याला अंजन म्हणतात. मिरचीचा हात डोळ्याला लागावा तशी आग झाली. पुसायला हात वर नेला तशी शेठाणी ओरडली, "पुसू नको! पुसलंस तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल." मी हात खाली घेतला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि समोर वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत.

मला पाटावर बसवलं होतं. त्या घरात आम्हाला पाट कधी मिळत नसे. आमची जागा पडवीच्या खाली, अंगणात. चहा मिळायचा तोही अंगणात, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप आपला आपण विसळून कुडाला लावून ठेवायचा. आज मी पडवीत होते, पाटावर, सगळ्यांच्या मधोमध. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढ्यात शेठाणी सुनेला म्हणाली, "ही उठली की तो पाट विहिरीवर नेऊन घासून घे." मी बसलेली असताना. माझ्या देखत. जसे काही मला कानच नाहीत.

डोळे तेवढे हवे होते त्यांना. कारण मी पायाळू.

पायाळू म्हणजे जे पोर आईच्या पोटातून पायांनी बाहेर येतं ते. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, आईचा जीव तेवढा जायला आला होता. पण आमच्या खाडीकाठाला पायाळू पोराला फार मान. मान म्हणजे काय, तर पावसात वीज कडाडली की शेजारणी मला दारातून हाकलायच्या, पायाळूवर वीज पडते म्हणून. आणि कुणाच्या कमरेत उसण भरली की तेच लोक हाक मारायचे, पायाळूची लाथ बसली की उसण जाते म्हणून. या शेठला मी स्वतः लाथ मारलेली आहे. तो अंगणात चटईवर पालथा पडला होता आणि मला म्हणाला, "जोरात मार गो." मी मारली. उसण गेली की नाही माहीत नाही. माझ्या पायांना किंमत होती, माझ्या डोळ्यांना किंमत होती. मधल्या मुलीला नव्हती.

आणि पायाळूच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला पुरलेलं धन दिसतं, हरवलेलं माणूस दिसतं, चोर दिसतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

शेठाणीची कानातली मोत्याची कुडी हरवली होती. एक. जोडीतली दुसरी डबीत जागच्या जागी होती. आता मी विचार करते की चोराला दोन्ही समोर दिसत असताना तो एकच कशाला उचलेल? पण एवढं साधं त्या घरातल्या एकाही शिकलेल्या डोक्यात आलं नाही. शेठचा धाकटा कॉलेजला जात होता. गच्चीवर डिशची छत्री बसवली होती, तालुक्यात तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. परदेशातली चित्रं आभाळातून घरात उतरत होती आणि घरातली कुडी माझ्या नखावर शोधत होते.

भगतानं मला बसवताना सांगितलं होतं, "तोंड देवाकडं, पाठ दाराकडं." देवघर आत, माजघराच्या कोपऱ्यात. म्हणजे माझं तोंड घराच्या आत आणि पाठ अंगणाकडे. शेठ, शेठाणी, मुलं, सुना, पाहुणे असे सगळे पडवीत माझ्या दोन बाजूंना भिंतीला टेकून बसलेले. नोकरमाणसं मागे, अंगणात, उन्हात उभी.

"बघ. कोन दिसतंय?"

"काय नाय दिसत."

"नीट बघ गो. पायाळू हायस तू. तुला नाय दिसनार तर कोनाला?"

मी नखाकडे बघत राहिले. डोळ्यांची आग होत होती. मला घरी जायचं होतं. पण मी खोटं बोलले नाही, हे आधी सांगते. भगताला घाबरून मी काहीही ठोकून दिलं असतं तर पुढे माझंच मन मला इतकं खात राहिलं नसतं. मला खरंच दिसलं. काळ्याभोर नखावर एक उजेडाचा ठिपका होता, तो मोठा होत गेला, आणि त्या उजेडात एक इवलंसं माणूस उभं होतं.

"मानूस हाय," मी म्हणाले.

पडवीत कुजबुज झाली. भगत पुढे सरकला. "बाप्या का बाई?"

"बाई."

"काय करते?"

"उभी हाय."

"हातात काय हाय तिच्या?"

मी डोळे ताणले. बाईच्या हातात काहीतरी रुंद होतं. एका बाजूला उघडं.

"सूप," मी म्हणाले.

 सगळ्यांच्या माना एकदम माझ्या मागे वळल्या. म्हणून मीही वळले.

अंगणात, नोकरमाणसांच्या पुढे, माझी आई उभी होती. हातात सूप, सुपात शेठचे नवे तांदूळ. दिवाळी सरली होती, मिठागराचं काम अजून सुरू व्हायचं होतं, तोवर ती शेठच्या घरी दाणे पाखडायला जायची. अंजनाचा बोलबाला झाला तशी काम सोडून लेकीचं कौतुक बघायला उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर ते कौतुक अजून तसंच होतं. तिला कळलंच नव्हतं.

शेठ ओरडला नाही. हात उगारला नाही. उलट हळू आवाजात म्हणाला, "पोटच्या पोरीनंच सांगितलं. आता आम्ही काय बोलायचं?"

मग शेठाणी म्हणाली, "पदर झटक."

आईनं सूप खाली ठेवलं. पदर झटकला. तांदळाचा कोंडा उडाला.

"अंबाडा सोड."

आईनं केस सोडले. भर अंगणात, पुरुषमाणसांसमोर.

"कनवटीला बघा गं तिच्या."

दोघी सुना खाली उतरल्या. त्यांनी बघितलं. काही नव्हतं. काही मिळालं नाही म्हणून आई सुटली असं मला वाटलं, पण मी लहान होते. शेठाणी म्हणाली, "म्हणजे बाहेर पोचवलीसुद्धा." सापडली असती तर चोर, नाही सापडली तर पक्की चोर. भगतानं नारळ आणि दक्षिणा घेतली, सायकलला पिशवी अडकवली आणि गेला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "डोळा चांगला हाय पोरीचा."

घरी आल्यावर आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं चूल पेटवली, तांदूळ वैरले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मी दिसले तुना?"

"व्हय."

"मीच?"

"हातात सूप व्हता."

ती स्वतःच्या तळहातांकडे बघत बसली. मिठागरातल्या बायकांचे हात मिठानं चिरतात, त्या चिरा कधी भरत नाहीत. म्हणाली, "मग मना आठवत कसं नाय गो?"

ते वाक्य मी आजवर विसरले नाही. तिनं "खोटं हाय" म्हटलं नाही. "मी नाय घेतली" असंही नाही. तिला आठवत नव्हतं, एवढंच तिला नवल वाटत होतं. स्वतःच्या हातांपेक्षा तिचा माझ्या डोळ्यांवर विश्वास होता. आणि माझ्या डोळ्यांपेक्षा भगतावर.

मिठागर सुरू झालं तेव्हा मुकादमानं तिला बोलावलं नाही. "शेठनं सांगितलंय," एवढंच म्हणाला. नळावर बायका तिचा हंडा आला की आपले हंडे जरा लांब ओढायच्या. तिला नाव पडलं, कुडीवाली. बाप माझा मी रांगत असतानाच गेलेला, पाठीशी उभं राहणारं कोणी नव्हतं. शेवटी अष्टमीहून मामा आला आणि आम्हाला घेऊन गेला. अष्टमी म्हणजे रोह्याच्या समोर, कुंडलिकेच्या पलीकडच्या काठाला. मधे पूल. एसटीत बसल्यावर आईनं पेणकडे एकदाही वळून बघितलं नाही. बघणार काय, कपाळ?

अष्टमीला आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. पण आई स्वतःला ओळखत होती. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेली, नाहीतर नुसती ताक मागायला गेली, तरी निघताना दारात थांबायची आणि पदर झटकायची. कुणी सांगितलेलं नसताना. दोन्ही हात उघडून दाखवायची, मग पायरी उतरायची. बायकांना वाटायचं हिच्याकडची काहीतरी रीत असेल. मामी एकदा हसत म्हणाली, "वन्सं, तुमच्या पदरात काय मुंग्या हायत काय?" आईही हसली. आणि पुन्हा झटकला.

मला हे बघवत नव्हतं. तिचा राग यायचा. आणि त्याहून जास्त माझा. कारण मला दिसलं होतं. मी रात्रंदिवस स्वतःला समजावायची की नसेल दिसलं, भास असेल. पण सूप? सुपाचा भास कसा होईल?

मी नववीत असताना आमच्या गावची एक बाई रोह्याला लग्नाला आली होती, ती भेटायला आली. तिनं सांगितलं, कुडी सापडली. शेठकडे गाद्या पिंजायला पिंजारी बसला होता, शेठाणीच्या गादीच्या कापसातून कुडी निघाली. मी उठून उभी राहिले. "मग? शेठ काय बोलला?" ती बाई म्हणाली, "शेठ काय बोलनार? भगत बोलला, अंजनाची धास्ती घेतली चोरानं, गुपचूप परत आनून गादीत खोचली."

आम्ही तेव्हा अष्टमीत होतो. पेणला पाय टाकला नव्हता. गादी शेठच्या माजघरातली, जिथे आईला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. पण भगताचं बरोबर होतं आणि आई चोर होती. या धंद्याला तोटा म्हणून नाहीच. कुडी नाही मिळाली तर अंजन खरं, मिळाली तर आणखीच खरं.

आई ऐकून म्हणाली, "बरं झालं, मिलाली." एवढंच.

दहावीनंतर मी कंपनीत लागले. रोह्याच्या पुढे केमिकलच्या कंपन्या आहेत, तिथे ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगला. पहिली शिफ्ट असली की पहाटे मामाच्या सायकलवरून पुलापर्यंत, पुढे ठेकेदाराचा टेम्पो. नावाला पॅकिंग, पण कामं सगळीच करायची. एका दुपारी मला शेडच्या मागच्या पिंपांना झाकणं लावायला सांगितलं. यंत्रातून काढलेलं जळकं तेल त्यांत भरलं होतं, काठोकाठ, काळं कुळकुळीत. मी एका पिंपावर वाकले.

आत एक बाई उभी होती. हातात लांब दांड्याचा झाडू.

 अंजन नाही, भगत नाही, डोळ्यांत आग नाही, आणि तरी दिसतंय. मी ताडकन मागे वळले. मागे सोमी उभी होती. सोमी म्हणजे कातकरीवाडीवरून झाडलोटीला येणारी बाई. झाडू टेकवून उन्हात उभी होती, मी बाजूला होण्याची वाट बघत.

"काय झालं गो बाय?" ती म्हणाली.

मी पुन्हा पिंपात बघितलं. सोमी. मागे बघितलं. सोमी. मी तिला म्हणाले, जरा डावीकडे हो. ती झाली. तेलातली बाईही सरकली.

मी तिथेच बसकण मारली. सोमीला वाटलं मला घेरी आली, ती पाणी आणायला धावली. मी रडत होते की हसत होते ते मलाच कळत नव्हतं. काळं, तुकतुकीत, तेलकट नख. तोंड देवाकडं, पाठ दाराकडं. मागे उजेड आणि उजेडात उभी असलेली माझी आई. मला चोर दिसलाच नव्हता. मला माझ्या मागे जे होतं ते दिसलं होतं. आरशात दिसतं तसं. त्यात देव नव्हता, भूत नव्हतं, माझं पायाळूपण नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही पोराला पाटावर बसवलं असतं तरी त्याला माझी आईच दिसली असती.

आणि मग दुसरी गोष्ट कळली, ती जास्त जाळणारी. पडवीत जे बसले होते ते नखात येऊच शकत नव्हते. ते बाजूला होते, भिंतीला टेकून, सावलीत. नखात तोच येणार जो दारात उभा आहे. दारात तोच उभा राहणार ज्याला आत बसायला जागा नाही. म्हणजे पाट मांडला तेव्हाच चोर ठरला होता. शेठनं काही ठरवून केलं असं मी म्हणत नाही. त्याला ठरवायची गरजच नव्हती. घरच तसं बांधलेलं होतं.

शिफ्ट सुटल्यावर मी धावत घरी आले. काजळ घेतलं, खोबरेल घेतलं, आईचा अंगठा धरला. ती हात ओढायला लागली, "देवाच्या गोष्टीत हात नको घालू गो." मी ऐकलं नाही. नखावर काळं फासलं, तिला आत तोंड करून बसवलं आणि स्वतः दारात जाऊन उभी राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं.

"बघ आये. कोन दिसतंय?"

तिनं बघितलं. खूप वेळ बघितलं.

"तू," ती म्हणाली.

मी वाट बघत होते. आता ती वळेल, आता तिला कळेल, आता रडेल, त्या शेठला शिव्या घालेल. तिनं पदरानं नख पुसलं. सावकाश, कडा सोडवून. मग मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू व्हतीस व्हय," ती म्हणाली. "जाऊ दे. लहान व्हतीस. मी कोनाला नाय सांगनार."

मला आधी कळेना ती काय म्हणतेय.  तिला अंजनात मी दिसले होते. म्हणजे कुडी मी घेतली होती. म्हणून तर तिला आठवत नव्हतं. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं होतं बिचारीचं. मी शपथा घेतल्या, पिंपाचं सांगितलं, आरशाचं सांगितलं. ती मान हलवत राहिली, पोर लाजतंय म्हणून समजूत घालावी तशी. त्या दिवशी ती पोटभर जेवली. आणि मला तिच्यावर ओरडताही येईना, कारण ती चोराला माफ करत होती आणि ते माफ करणं खरं होतं.

त्या शेठवर माझा राग होता तो होताच. पण त्या दिवशी मला कळलं की त्यानं नुसता कुडीचा आळ घेतला नव्हता. माझ्या आईचा स्वतःवरचा भरवसाच त्यानं नेला होता. ती चोरी कुठल्या नखात दिसणार?

यानंतर थोड्याच महिन्यांत ठेकेदाराचं घड्याळ हरवलं. त्याच्या भावानं आखातातून पाठवलेलं, भारी. ठेकेदार रोह्यात नवा बंगला बांधून राहत होता. त्यानं भगत बोलावला नाही, तो अडाणी थोडाच होता! त्यानं मुंबईहून एक सर बोलावले. सफारी सूट, सोनेरी काडीचा चष्मा. त्यांना अतींद्रिय शक्ती होती म्हणे. ते सुप्त मन म्हणायचे, व्हायब्रेशन म्हणायचे. मखमलीत गुंडाळलेली एक काळी काच त्यांनी काढली आणि टीपॉयवर उभी केली. मग म्हणाले, "माध्यम लागेल. पायाळू व्यक्ती कुणी आहे का?"

माझ्या मामानं मला पुलावर सोडताना कधीतरी टेम्पोवाल्याजवळ बढाई मारली होती, भाची पायाळू आहे म्हणून. ठेकेदाराचा माणूस मला बोलवायला आला. आई घाबरली आणि माझ्या मागोमाग आली.

हॉलमध्ये सोफ्यावर ठेकेदार, त्याची बायको, शेजारचे दोन इंजिनिअर सपत्नीक. चहा चाललेला. सोफ्यामागे कोपऱ्यात शोकेसमध्ये देव्हारा. समोरचं दार सताड उघडं आणि दाराबाहेर पायरीवर सोमी. ती त्या बंगल्यातही झाडू मारायची. तिला सांगितलं होतं, इथेच थांब, हलू नको. तिच्या पलीकडे, फाटकाशी, माझी आई.

सर म्हणाले, "बाळ, या खुर्चीत बस. देव्हाऱ्याकडे तोंड करून."

मला हसूच आलं. सफारी घाला नाहीतर धोतर. तोंड देवाकडं, पाठ दाराकडं.

मी बसले. काचेत बघितलं. नखापेक्षा केवढी मोठी, केवढी स्वच्छ. सोमी अख्खी दिसत होती, पातळाच्या ठिगळासकट.

"काय दिसतं?" सर म्हणाले. "घाई नको. स्त्री की पुरुष?"

बाहेर सोमी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. काचेतही झाली. मी एक शब्द बोलायचा अवकाश होता. बाई. मग हातात काय? झाडू. मग सगळ्यांच्या माना वळणार, आणि मग पदर झटक, अंबाडा सोड. पुढचं सगळं मला पाठ होतं.

मी उठले. काच उचलली. सर म्हणाले, "हात लावू नको." मी खुर्ची गरकन फिरवली, दाराकडे तोंड करून बसले, आणि काच समोर धरली.

"आता पुरुष दिसतो," मी मोठ्यानं म्हणाले. "सोफ्यावर बसलाय. हातात चहाचा कप हाय. ठेकेदारसाहेब दिसतात."

इंजिनिअरच्या बायकोला फिस्सकन हसू आलं, तिनं तोंडावर रुमाल धरला. ठेकेदाराचा कप बशीत खडखडला. सर म्हणाले, "हिची एकाग्रता भंग झाली आहे."

"भंग नाय झाली," मी म्हणाले. "जो मागं असतो तो दिसतो. तुम्ही या मागं, तुम्ही दिसाल. कुत्रं आनून बसवा, कुत्रं दिसंल. सोमीला दारात कुनी उभी केली? आधी ते सांगा."

ठेकेदार उठला आणि त्यानं माझ्या कानाखाली मारली. काच माझ्या हातून पडली, फुटली. "जीभ लई चालते," तो म्हणाला. "उद्यापासून गेटवर दिसायचं नाय."

माझा कान वाजत होता. पण मी खाली बघितलं नाही. पेणला मी खाली बघितलं होतं, नखाकडे. आज मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि पायरी उतरले.

सोमी फाटकापर्यंत माझ्याबरोबर आली. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "कशाला बोललीस गो बाय? आता माझं पन काम जानार." आणि गेलंच. चोर म्हणून नाही गेलं, एवढंच. तिनं त्याबद्दल माझे कधी आभार मानले नाहीत आणि मानायचं कारणही नव्हतं.

फाटकात आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, बघितलं होतं. मी जवळ आले तशी तिनं सवयीनं बंगल्याकडे तोंड केलं आणि पदर झटकायला घेतला. ती आत गेलीसुद्धा नव्हती. मी तिचा हात धरला.

"नको झटकू."

"बघतायत गो ते."

"बघू दे."

तिनं हात सोडवून घेतला नाही. आम्ही चालायला लागलो. पुलावर आल्यावर ती थांबली. खाली कुंडलिकेला ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडला होता. 

"सायबानं सोताचं घड्याल सोताच चोरलं?" तिनं विचारलं.

"नाय आये."

"मग काचेत कसा दिसला?"

 पुन्हा आरशाचं सांगितलं तर ती त्यातून काय अर्थ काढेल याची मला भीती वाटत होती. ती पुढे चार पावलं गेली आणि परत वळली. "सायेब कशाला चोरील? सायेब मानूस," ती म्हणाली. "काचच खोटी असंल."

मग तिनं स्वतःचा अंगठा समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मग नख पन खोटं व्हतं?"

"व्हय आये. नख पन."

ती रडली नाही. मी रडले. आनंदानं नाही, संतापानं. मिठागरात आयुष्य घातलेली, कुणाचा दाणा न उचललेली माझी आई. नखात ती दिसली तेव्हा नख खरं. काचेत साहेब दिसला तेव्हा काच खोटी. तिच्या निर्दोषपणाला साक्षीदार मिळाला तोही साहेबच. तिचे स्वतःचे चिरलेले हात तिला कधीच पुरले नव्हते.

पुलावरच मी ठरवलं. मी पायाळू आहे, आता मीच सगळीकडे सांगत फिरणार. बोलवा मला. जिथे जिथे पाट मांडाल, काच उभी कराल, तिथे मी येणार. बोलावलं नाही तरी येणार. दारात कोण उभं आहे ते आधी बघणार, त्याला आत आणून तुमच्या शेजारी बसवणार, आणि पाट फिरवणार. मग बघू तुमच्या देवाला कोण दिसतो ते.

पायाळूची लाथ गुणाची असते असं तुम्हीच म्हणता. बसेल ती. पालथं पडायची वाट मी बघणार नाही.